जुन्या मायक्रोकंट्रोलरसाठी ओपन सोर्स कंपायलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटेलने ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा संगणक) बाजारात आणला १९८० साली. आत ४ किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, दोन टायमर. त्याच घराण्यातल्या चिप आजही डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत आहेत आणि अनेक जुन्या वजनकाट्यांत, तापमान नियंत्रकांत, मशीनच्या पॅनलमध्ये चालू आहेत. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर आयसी मिळतो, डेटाशीट नेटवर मिळते. गाडी अडते ती कंपायलरपाशी, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. जुन्या सीडीवरचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालत नाही, फुकट आवृत्तीत कोडच्या आकाराला मर्यादा असते, आणि विकत घ्यायचं तर एका दुरुस्तीसाठी तेवढा खर्च कुणाला परवडत नाही.

खालचे प्रश्न विद्यार्थी, दुरुस्ती करणारे आणि छोटे उद्योजक पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: कंपायलरचं नाव किती मोठं आहे याला फारसा अर्थ नाही. तुमच्या चिपचा त्यातला पोर्ट (त्या चिपसाठी कोड तयार करणारा कंपायलरचा भाग) आज कुणी सांभाळतंय का, हे पाहायचं.

माझ्याकडे अमुक चिप आहे. थेट सांगा, काय घेऊ?

८०५१ घराण्यातली कुठलीही चिप असेल (एटी८९सी५१, एटी८९एस५२, पी८९व्ही५१आरडी२, एसटीसी८९सी५२) तर एसडीसीसी हा मुक्त (ओपन सोर्स) सी कंपायलर. एसटीएम८ असेल तरी एसडीसीसी, आणि तिथे तर तो फार चांगला आहे. झेड८० किंवा त्याचे भाऊबंद असतील तर एसडीसीसी किंवा झेड८८डीके. एचसी०८ साठीही एसडीसीसीच.

एटीमेगा, एटीटायनी, जुने एटी९०एस (ही सगळी एव्हीआर घराण्यातली) असतील तर एव्हीआर-जीसीसी, म्हणजे जीसीसी या मुक्त कंपायलरचा एव्हीआर पोर्ट. एमएसपी४३० साठी जीसीसीचाच एमएसपी४३० पोर्ट. एआरएम७ म्हणजे एलपीसी२१४८ वगैरे असेल तर एआरएमचा जीसीसी.

मायक्रोचिप कंपनीच्या पिक १६ आणि पिक १८ मालिकेचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. त्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे, तो नीट वाचा.

८०४८ सारखी, ८०५१ हूनही जुनी चिप असेल, तर सी भाषेचा नाद सोडा आणि असेंब्लरकडे (चिपच्या मूळ सूचना एकेक करून लिहिलेल्या असेंब्ली भाषेचं रूपांतर करणारं साधन) वळा.

पोर्ट जिवंत आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

कंपायलरच्या वेबसाइटवर, तो ज्या चिपना आधार देतो त्यांची लांबलचक यादी असते. त्या यादीवर एकदम विश्वास ठेवू नका. यादीत नाव असणं आणि त्या चिपसाठी नीट कोड तयार होणं यांत बरंच अंतर असू शकतं. एसडीसीसीच्या यादीत पिकचीही नावं आहेत, पण त्याच्याच मॅन्युअलमध्ये ते पोर्ट कुणी सांभाळत नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मॅन्युअल न वाचता यादी वाचणारा माणूस तिथे आठवडा घालवतो.

मी तीन गोष्टी तपासतो. पहिली, गेल्या दोन-तीन आवृत्त्यांच्या बदलनोंदीत तुमच्या चिपच्या घराण्याचा उल्लेख आहे का. दुसरी, त्या पोर्टवर नियमित चाचण्या चालतात का. एसडीसीसीमध्ये अशा चाचण्यांचा मोठा संच आहे आणि ८०५१ त्यात आहे. तिसरी, बगच्या नोंदींना कुणी उत्तर देतंय का. शंभर बग उघडे असले तरी घाबरायचं कारण नाही. चार वर्षांत एकालाही उत्तर मिळालेलं नसेल, तर मात्र दुसरा मार्ग शोधा.

एसडीसीसी कुठून घ्यायचा? कुठली आवृत्ती?

एसडीसीसीची सुरुवात संदीप दत्ता यांनी केली, तीही ८०५१ डोळ्यांसमोर ठेवून. पुढे अनेकांनी हातभार लावला आणि आज तो छोट्या ८-बिट चिपसाठीचा सर्वांत भरवशाचा मुक्त कंपायलर आहे.

डेबियन, उबंटू, फेडोरा यांच्या भांडारात तो तयार मिळतो. विंडोजसाठी इन्स्टॉलर सोर्सफोर्जवरच्या प्रकल्पाच्या पानावर आहे. लिनक्सच्या भांडारातली आवृत्ती कधी कधी बरीच मागे असते, तेव्हा काही विचित्र घडलं तर आधी नवी आवृत्ती टाकून पाहा. इतर कुठल्या डाउनलोड साइटवरून झिप उचलू नका.

सोबत असेंब्लर, लिंकर, लायब्ररी आणि यूसीसिम हा सिम्युलेटर (चिपशिवाय प्रोग्राम चालवून पाहायचं साधन) येतो. वेगळा आयडीई (कोड लिहायचा, बांधायचा, तपासायचा एकत्रित प्रोग्राम) लागतोच असं नाही. ज्यांना बटणं हवीत त्यांनी व्हीएस कोड या एडिटरमध्ये प्लॅटफॉर्मआयओ हे एक्स्टेंशन टाकावं; त्यातला ८०५१ चा आधार एसडीसीसीवरच उभा आहे. एमसीयू ८०५१ आयडीई नावाचा एक छान प्रकल्प होता, आत सिम्युलेटर आणि आभासी एलसीडीसकट, पण त्याचं काम बऱ्याच वर्षांपासून थांबलेलं आहे. चालू झाला तर शिकायला वापरा, त्यावर उत्पादन उभं करू नका.

कील या विकतच्या कंपायलरमध्ये लिहिलेला जुना प्रोजेक्ट आहे. एसडीसीसीत जसाच्या तसा चालेल?

नाही. पण एखाद्या दिवसाच्या मेहनतीत बहुतेक प्रोजेक्ट येतात. सीची भाषा तीच असली तरी ८०५१ च्या खास गोष्टी दोघं वेगवेगळ्या लिहितात.

आधी हेडर. कीलच्या रेग५१ डॉट एचच्या जागी एसडीसीसीत ८०५१ डॉट एच किंवा ८०५२ डॉट एच येतं. ॲटमेलच्या चिपसाठी एटी८९एक्स५१ आणि एटी८९एक्स५२ अशी हेडरंही आहेत.

मग खास शब्द. कीलमध्ये कोड, डेटा, एक्सडेटा, बिट, इंटरप्ट, युझिंग हे शब्द नुसते लिहितात. एसडीसीसीत या प्रत्येकाच्या आधी दोन अंडरस्कोर लागतात, आणि इंटरप्टचा व रजिस्टर बँकेचा क्रमांक कंसात येतो. नेटवरच्या जुन्या उदाहरणांत अंडरस्कोर नसतात, कारण पूर्वीच्या आवृत्त्यांत ते चालायचं. आता चालत नाही. उदाहरण बरोबर उतरवूनही एरर येत असेल तर पहिल्यांदा हेच तपासा.

तिसरी गोष्ट पोर्टच्या पिना (इथे पोर्ट म्हणजे चिपच्या आठ पिनांचा गट). कीलमध्ये पोर्ट १, मग टोपीचं चिन्ह, मग शून्य असं लिहून एका पिनेला नाव देतात. एसडीसीसी त्या टोपीला सीमधला एक्सॉर समजतो. इथे बिटचा पत्ता आकड्यात द्यावा लागतो: पोर्ट १ ची शून्य क्रमांकाची पिन म्हणजे हेक्समध्ये ९०, पुढची ९१, असं. पोर्ट ० ची सुरुवात ८० पासून, पोर्ट २ ची ए० पासून, पोर्ट ३ ची बी० पासून.

एकाच कोडला दोन्ही कंपायलरवर चालवायचं असेल, तर एसडीसीसीच्या एमसीएस५१ फोल्डरमध्ये कंपायलर डॉट एच नावाची फाइल आहे ती वापरा. त्यातल्या मॅक्रोंनी रजिस्टर आणि बिट जाहीर केले की तोच मजकूर कीलमध्येही चालतो. ज्यांचं जुनं उत्पादन अजून ग्राहकांकडे आहे त्यांनी हाच मार्ग घ्यावा. जुना कंपायलर हाताशी असेपर्यंत दोन्हीकडे बांधून तुलना करता येते, आणि ती सोय पुढे कधी मिळेल सांगता येत नाही.

चौथी गोष्ट फार कमी जण सांगतात. कील सी५१ दोन किंवा चार बाइटची संख्या मेमरीत ठेवताना मोठा बाइट आधी ठेवतो. एसडीसीसी लहान बाइट आधी ठेवतो. साध्या हिशोबाला काही फरक पडत नाही. पण युनियन वापरून १६ बिटांचे दोन तुकडे केले असतील, किंवा संख्या बाइट-बाइट करून बाहेरच्या २४सी०२ सारख्या ईईप्रॉममध्ये साठवल्या असतील, तर सगळं उलटं वाचलं जाईल. वजनकाट्याचं कॅलिब्रेशन जुन्या फर्मवेअरने लिहिलेलं आणि नव्या फर्मवेअरने वाचलेलं, अशी वेळ आली की आकडा भलताच दिसतो आणि माणूस सर्किटमध्ये दोष शोधत बसतो. सोर्समध्ये युनियन हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी बाइटचा क्रम स्वतः ठरवून लिहा.

कंपाइल होतं, हेक्स (चिपमध्ये भरायची फाइल) तयार होते, पण बोर्डावर काहीच होत नाही.

बहुतेक वेळा कारण पुढच्यांपैकी एक असतं.

मेमरी मॉडेल. एसडीसीसीत स्मॉल, मीडियम, लार्ज आणि ह्यूज अशी मॉडेलं आहेत. स्मॉलमध्ये व्हेरिएबल चिपच्या आतल्या रॅममध्ये बसतात, लार्जमध्ये ती बाहेरच्या रॅममध्ये जातात. आतली रॅम पुरत नाही अशी एरर आली की लोक लार्ज निवडतात आणि एरर जाते. पण साध्या एटी८९सी५१ च्या बोर्डावर बाहेरची रॅम नसतेच. कंपायलरला हे कळायचा मार्ग नाही, तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. लार्जकडे वळण्याआधी न बदलणारे तक्ते आणि एलसीडीवरचे संदेश कोड मेमरीत हलवा, बरीच रॅम तिथेच सुटते.

इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून दुसरं करायला लावणारा इशारा). तुमचं इंटरप्टचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये असेल, तर त्याचं प्रोटोटाइप मेन असलेल्या फाइलमध्ये दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर एसडीसीसी व्हेक्टरच्या जागी (इंटरप्ट आल्यावर चिप जिथे वळते तिथे) त्याचा पत्ता भरत नाही. एरर येत नाही, टायमर चालू राहतो, इंटरप्ट मात्र कधीच तुमच्या फंक्शनपर्यंत पोहोचत नाही. हेडरमध्ये प्रोटोटाइप टाका, ते हेडर मेनमध्ये घ्या, प्रश्न मिटतो.

डिले. जुन्या कोडमध्ये रिकामे फॉर लूप फिरवून मिलिसेकंद मोजलेले असतात. ते आकडे कीलने बनवलेल्या सूचनांवर जुळवलेले असतात. कंपायलर बदलला की वेळ बदलते. एलसीडी सुरुवातीलाच कोरा राहिला तर संशय आधी इथे घ्या. टायमर वापरून डिले लिहिला की कंपायलर कुठलाही असो, फरक पडत नाही. मूळ ८०५१ मध्ये एका मशीन सायकलला १२ क्लॉक लागतात, पण काही नव्या अवतारांत कमी लागतात, हेही हिशोबात धरा.

स्टॅक (फंक्शनमधून परत कुठे जायचं ते साठवणारी रॅममधली जागा). बांधणी झाल्यावर मेम या विस्ताराची एक फाइल तयार होते. त्यात आतल्या रॅमचा नकाशा असतो आणि स्टॅकला किती बाइट उरले ते लिहिलेलं असतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, ही फाइल दर वेळी उघडा. १२८ बाइटच्या जगात दहा बाइट उरणं आणि चाळीस बाइट उरणं यांत प्रोग्राम चालणं आणि अधूनमधून लटकणं एवढा फरक असतो. ८०५२ घराण्यात आत २५६ बाइट असतात. एटी८९एस५२ वापरत असाल तर आतल्या रॅमचा आकार २५६ असल्याचं कंपायलरला पर्यायातून सांगा.

एकच फंक्शन मेनमधून आणि इंटरप्टमधूनही बोलावलं जातंय का? एसडीसीसी ८०५१ साठी फंक्शनची स्थानिक व्हेरिएबल स्टॅकवर ठेवत नाही, त्यांना ठरलेल्या जागा देतो. मध्येच इंटरप्ट आला तर त्याच जागा पुन्हा लिहिल्या जातात. अशा फंक्शनला रीएंट्रंट म्हणून जाहीर करा, किंवा इंटरप्टमधून फंक्शन बोलावणंच टाळा. मी दुसरा मार्ग पसंत करतो.

प्रिंटएफ चालत नाही. दशांश अपूर्णांकाच्या जागी "नो फ्लोट" छापलं जातं.

एसडीसीसीला तुमचा सिरिअल पोर्ट किंवा एलसीडी माहीत नसतो. एक अक्षर बाहेर पाठवणारं पुटचार फंक्शन तुम्हीच लिहायचं. जुन्या उदाहरणांत ते कॅर घेऊन काही परत न करणारं असतं. सध्याच्या आवृत्त्यांना इंट घेणारं आणि इंट परत करणारं हवं.

"नो फ्लोट" येतं कारण नेहमीच्या प्रिंटएफमध्ये जागा वाचवण्यासाठी फ्लोटचा भाग वगळलेला असतो. तापमान २७.५ दाखवायचं असेल तर आत २७५ ही पूर्णांक संख्या ठेवा आणि छापताना बिंदू तुम्ही घाला. चार किलोबाइटच्या चिपमध्ये फ्लोट आणू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रिंटएफही जड वाटला तर प्रिंटएफ-स्मॉल आणि प्रिंटएफ-टायनी हे त्याचे हलके अवतार लायब्ररीत आहेत.

असेंब्लीत लिहिलेली जुनी फाइल आहे. ती एसडीसीसीच्या असेंब्लरला समजेल का?

सहसा नाही. इंटेलच्या पद्धतीत हेक्स आकड्याच्या शेवटी एच लिहितात. एसडीसीसीच्या असेंब्लरला तो चालत नाही, त्याला आकड्याआधी शून्य-एक्स हवं. डायरेक्टिव्हही निराळी आहेत. हा असेंब्लर ॲलन बाल्डविन यांच्या एएसएक्सएक्सएक्सएक्स या संचावरून आलेला आहे आणि त्याची शैली इंटेलची नाही.

फाइल पूर्ण असेंब्लीतच असेल तर ती बदलत बसू नका. आल्फ्रेड आर्नोल्ड यांचा मॅक्रो असेंब्लर एएस घ्या. तो मुक्त आहे, इंटेलच्या धर्तीचे आकडे ओळखतो आणि ८०४८, ८०५१, ८०८५, झेड८०, ६८एचसी११ अशा कितीतरी जुन्या चिपसाठी चालतो. त्याच्यासोबतच्या पी२हेक्स या साधनाने हेक्स फाइल काढता येते. ८०८५ चा अभ्यासक्रम असलेल्या विद्यार्थ्यांसाठी जीएनयूसिम८०८५ हा वेगळा, सोपा सिम्युलेटर आहे.

पुरवठादाराने सोर्स न देता फक्त लिब फाइल (कंपाइल केलेली लायब्ररी) दिली होती.

मग एसडीसीसीत ती जोडता येणार नाही. कीलच्या ऑब्जेक्ट फाइलचा साचा वेगळा, एसडीसीसीचा वेगळा. सोर्स मागा, नाहीतर त्या लायब्ररीचं काम काय होतं ते समजून घेऊन पुन्हा लिहा. सेव्हन सेगमेंट किंवा एडीसी वाचणं एवढंच असेल तर पुन्हा लिहिणं लवकर होतं.

हेक्स झाली. आता चिपमध्ये बर्न कशाने करू?

एसडीसीसीतून आयएचएक्स विस्ताराची फाइल निघते. ती इंटेल हेक्सच आहे, पण काही प्रोग्रॅमरना (चिपमध्ये हेक्स भरणाऱ्या उपकरणांना) तिची मांडणी रुचत नाही. सोबतच्या पॅकआयएचएक्समधून काढली की नेहमीची हेक्स मिळते.

पुढचं चिपच्या नावातल्या एका अक्षरावर ठरतं. एटी८९एस५१ आणि एस५२ मधला एस म्हणजे बोर्डावर बसलेल्या अवस्थेत, चार तारांनी प्रोग्रॅम होणारी चिप. एव्हीआरड्यूड या बर्न करायच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांत या दोन्ही चिपची नोंद आहे. मात्र ८०५१ चा रीसेट हाय असताना लागू होतो आणि एव्हीआरचा लो असताना. म्हणून यूएसबीएएसपी हा मूळ एव्हीआरसाठीचा यूएसबी प्रोग्रॅमर वापरणार असाल तर त्यातलं फर्मवेअर ८९एस चिप ओळखतं का, ते विकत घेतानाच विचारा.

एटी८९सी५१ मध्ये ती सोय नाही. ती सॉकेटमधून काढून समांतर प्रोग्रॅमरमध्ये घालावी लागते. टीएल८६६ मालिकेचा प्रोग्रॅमर असेल तर लिनक्सवर मिनीप्रो हे मुक्त सॉफ्टवेअर त्याला चालवतं. जुन्या २७ मालिकेच्या ईप्रॉमसाठीही हीच जोडी कामाला येते.

एसटीसीच्या चिपसाठी एसटीसीगॅल आहे. पायथनमध्ये लिहिलेलं, सिरिअल पोर्टवरून चालणारं. आधी कमांड द्यायची, मग बोर्डाची वीज बंद करून पुन्हा चालू करायची. बूटलोडर फक्त वीज येण्याच्या क्षणी ऐकतो. पी८९व्ही५१आरडी२ साठी आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये फ्लॅश मॅजिक वापरतात. ते फुकट आहे, पण ओपन सोर्स नाही.

एसटीएम८ साठी एसटीएम८फ्लॅश, एमएसपी४३० साठी एमएसपीडीबग, एलपीसी२१४८ साठी एलपीसी२१आयएसपी. तिन्ही मुक्त.

पिक १६एफ८७७ए साठी खरंच काही मुक्त नाही?

आहे, पण सीसाठी भरवशाचं नाही. एसडीसीसीतले पिक१४ आणि पिक१६ हे पोर्ट (१४ आणि १६ हे सूचनेचे बिट; पिक १६एफ८७७ए पिक१४ मध्ये येते) सांभाळणारं कुणी नाही. शिवाय चिपच्या व्याख्यांच्या फाइल मायक्रोचिपच्या अटींखाली येतात, म्हणून त्या वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि वापरायला खास पर्याय द्यावा लागतो. डेबियनसारख्या वितरणांच्या पॅकेजमध्ये त्या नसल्यामुळे हेडर सापडत नाही अशी एरर येते. एलईडी लुकलुकवायला, शिकायला वापरा. उत्पादनासाठी मी सुचवणार नाही.

असेंब्लीत काम करत असाल तर परिस्थिती चांगली आहे. जीपीयूटिल्समधला जीपीएएसएम हा जुन्या एमपीएएसएमच्या धर्तीचा मुक्त असेंब्लर आहे. मायक्रोचिपने एमपीलॅब एक्सच्या ५.४० आवृत्तीपासून एमपीएएसएम देणं बंद केलं आणि नवा असेंब्लर आणला, ज्याची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. जुन्या असेंब्ली फाइल असलेल्यांना जीपीएएसएम त्यामुळेच महत्त्वाचा. सोबत जीपीसिम हा सिम्युलेटर आहे. बेसिक किंवा पास्कलसारखी भाषा चालत असेल तर ग्रेट काऊ बेसिक आणि जॅल हे दोन पर्याय बघा.

आणि सीच हवी असेल तर मायक्रोचिपचा एक्ससी८ फुकट आवृत्तीत घ्या. तो मुक्त नाही. पण नादुरुस्त पोर्टशी झुंजण्यापेक्षा तो बरा, आणि हे मी मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रही असूनही सांगतो.

एव्हीआर-जीसीसीत २००५ सालचा कोड कंपाइल होत नाही.

कंपायलर उत्तम स्थितीत आहे, कोडची पद्धत जुनी झाली आहे. सिग्नल डॉट एच आणि सिग्नल नावाचा मॅक्रो जाऊन इंटरप्ट डॉट एच आणि आयएसआर आले, व्हेक्टरची नावं बदलली. आउटपी, एसबीआय, सीबीआय हे मॅक्रो आता कॉम्पॅट फोल्डरमधल्या डेप्रिकेटेड डॉट एचमध्ये आहेत. ते जोडलं तर तात्पुरतं भागतं. फ्लॅशमध्ये ठेवलेल्या तक्त्यांना कॉन्स्ट लावणं आता सक्तीचं आहे. कोडव्हिजनसाठी लिहिलेला कोड असेल तर पोर्टच्या नावापुढे टिंब देऊन बिट लिहिलेले असतात, ते सगळे हाताने बदलावे लागतात.

हा पोर्ट टिकला त्यामागे माणसांचे कष्ट आहेत. जीसीसीने आतली एक जुनी यंत्रणा काढून टाकायचं ठरवलं तेव्हा तिच्यावर उभा असलेला एव्हीआरही बाहेर पडेल अशी भीती होती. तो वेळेत नव्या पद्धतीवर आणला गेला आणि २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये कायम राहिला. एलएलव्हीएम या दुसऱ्या मुक्त कंपायलर संचातही २०२० पासून एव्हीआर अधिकृत आहे.

एटी९०एस१२०० सारख्या अगदी पहिल्या चिपमध्ये रॅमच नाही. तिथे एव्हीआर-जीसीसी फक्त असेंब्ली स्वीकारतो.

नवी कोरी एटीमेगा८ यूएसबीएएसपीला ओळख देत नसेल तर बहुधा ती आतल्या १ मेगाहर्ट्झवर चालते आहे आणि प्रोग्रॅमर फार वेगाने बोलतो आहे. एव्हीआरड्यूडला बी हा पर्याय देऊन वेग कमी करा.

एलपीसी२१४८ चा कोड कीलमधून जीसीसीत?

जीसीसी एआरएम७ ला अजून सांभाळतो. सी फाइलमध्ये फार बदल नसतो, खरं काम स्टार्टअप फाइल आणि लिंकर स्क्रिप्ट नव्याने लिहिण्यात आहे. या चिपचा बूटलोडर व्हेक्टर तक्त्याची बेरीज तपासतो, चुकली तर तुमचा प्रोग्राम सुरूच करत नाही. एलपीसी२१आयएसपी ही बेरीज स्वतः भरतं.

एमएसपी४३० आणि ६८एचसी११?

एमएसपी४३० साठी नेटवर एमएसपीजीसीसीचं नाव सापडेल. तो जुना प्रकल्प आता थांबला आहे, त्याची जागा मूळ जीसीसीतल्या पोर्टने घेतली. सीचा कोड सहज येतो. हाताने लिहिलेली असेंब्ली फंक्शन असतील तर सावध: जुन्यात पहिला आर्ग्युमेंट आर१५ मध्ये यायचा, नव्यात आर१२ मध्ये येतो.

६८एचसी११ चा पोर्ट जीसीसीने ४.६ आवृत्तीत कालबाह्य ठरवला आणि नंतर काढून टाकला. जुना जीसीसी जुन्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (आजच्याच मशीनवर वेगळं उभं केलेलं जुनं लिनक्स) चालवा, किंवा असेंब्लीत काम करा.

एसडीसीसीचा कोड कीलपेक्षा मोठा होतो का?

८०५१ वर, हो, बऱ्याचदा. एसटीएम८ आणि झेड८० च्या पोर्टला रजिस्टर वाटपाची नवी, हुशार पद्धत मिळाली. ८०५१ चा पोर्ट जुन्या पद्धतीवरच आहे. कोड-साइझचा पर्याय लावा, आठ बिटांत मावणारी प्रत्येक संख्या अनसाइन्ड कॅर करा. लिंकर न वापरलेली फंक्शन एकेक करून गाळत नाही, पूर्ण फाइल उचलतो. म्हणून लायब्ररीची मोठी फाइल फोडून प्रत्येक फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. याने फरक चांगलाच पडतो.

तरीही ४ किलोबाइटच्या एटी८९एस५१ मध्ये मावत नसेल, तर त्याच पिनांची ८ किलोबाइटची एटी८९एस५२ लावा.

या कंपायलरने बनवलेलं उत्पादन विकता येतं का? माझा सोर्स उघडा करावा लागेल का?

विकता येतं, आणि तुमचा सोर्स तुमच्याकडे ठेवता येतो. कंपायलर जीपीएल या मुक्त परवान्याखाली (सॉफ्टवेअर वाटलं तर सोर्सही द्यायला लावणारा) आहे म्हणून त्यातून निघालेला कोड जीपीएल होत नाही. प्रश्न फक्त हेक्समध्ये मिसळल्या जाणाऱ्या लायब्ररीचा असतो. जीसीसीच्या आणि एसडीसीसीच्या लायब्ररींना त्यासाठी परवान्यातच सूट दिलेली आहे. एव्हीआर-लिबसी बीएसडी धर्तीच्या परवान्याखाली आहे. पिकच्या वेगळ्या ठेवलेल्या फाइल याला अपवाद, त्यांच्या अटी वाचा. नेटवरून उचललेल्या एलसीडीच्या किंवा कीपॅडच्या लायब्ररीचा परवाना मात्र कंपायलरशी संबंधित नसतो. तो स्वतंत्र तपासा.

सोर्स हरवला आहे. चालू मशीनमधल्या चिपमधून परत मिळेल?

लॉक बिट लावलेले नसतील तर प्रोग्रॅमरने आतला मजकूर वाचता येतो. त्यातून सी परत मिळत नाही, असेंब्ली मिळते. ८०५१, एव्हीआर, पिक यांची असेंब्ली वाचायला घिड्रा हे मुक्त साधन उपयोगी आहे. ते सीसारखा मजकूरही करून देतं, पण ८०५१ साठी तो वाचायला धीर लागतो. लॉक बिट लावलेले असतील तर वाचन बंद. मशीन तुमचं असेल किंवा मालकाची परवानगी असेल तरच या वाटेला जा.

वाचायला मिळाली तर त्या हेक्सच्या दोन-तीन प्रती लगेच वेगवेगळ्या जागी ठेवा. उद्या चिप जळाली तर निदान तीच हेक्स नव्या चिपमध्ये घालता येईल.

आज बांधलेला प्रोजेक्ट पंधरा वर्षांनी पुन्हा बांधता यावा यासाठी काय करू?

सोर्ससोबत कंपायलरही जपा. ज्या आवृत्तीने शेवटची हेक्स बांधली तिचा इन्स्टॉलर आणि तिचा सोर्स टारबॉल, दोन्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. मुक्त कंपायलरमध्ये हे कायदेशीर आहे आणि त्याला डोंगल किंवा लायसन्स सर्व्हर लागत नाही. माझ्या लेखी हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. बांधणीची पूर्ण कमांड मेकफाइलमध्ये लिहा, आयडीईच्या खिडक्यांमधल्या खुणांवर सोडू नका. मेमरी मॉडेल, रॅमचा आकार, क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा आहे की १२ चा, हेसुद्धा त्यातच.

आवृत्ती आधीच हरवली असेल तर डेबियनचा स्नॅपशॉट संग्रह बघा. तिथे २००५ पासूनची पॅकेज तारखेनुसार ठेवलेली आहेत, आणि त्या काळचा डेबियन कंटेनरमध्ये उभा करून त्याच वेळचा एसडीसीसी किंवा एव्हीआर-जीसीसी चालवता येतो. जुना जीसीसी सोर्समधून आजच्या कंपायलरने बांधायला गेलात तर बरेचदा अडतो. त्यापेक्षा तयार पॅकेज सोपं.

बांधणी जमली की नवी हेक्स आणि ग्राहकाकडची हेक्स बाइट-बाइट ताडून पाहा. जुळली तर आवृत्ती आणि पर्याय बरोबर सापडले, आता कोडला हात लावायला हरकत नाही. जुळली नाही तर आधी पर्याय तपासा, मग आवृत्ती एकेक मागे जा.